डाग काढायचा नाही

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, तळघरात, अठरा अंश.
वर रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटते
आणि मी खाली स्वेटर घालून
एका मेलेल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षाची
खाजगी पत्रं उलटतो.

घानिम शेठनी ती लिलावात घेतली. दोन पेट्या.
का घेतली ते विचारायचं नसतं.
त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी,
पितळी चाळण्या अजून भिंतीवर आहेत,
मोठ्या भोकांची, मग लहान, मग त्याहून लहान.
आकार चाळणी ठरवायची. रंग मात्र डोळ्यांनीच,
सकाळच्या उजेडात, लाल कापडावर:
गोरा, गुलाबी, पिवळट,
आणि कडेला तो ढीग
ज्याला नाव नव्हतं, नुसता भाव होता.

मी मिरजेचा, बाइंडरचा मुलगा.
खळ कशी शिजवायची, तीत मोरचूद किती,
एवढंच वडिलांकडून घेऊन विमानात बसलो.

पत्रं इंग्रजीत. पण माझ्या कानात ती मराठीत उतरतात,
तेही मामलेदार कचेरीतल्या. स. न. वि. वि.
'टपालखात्यातली ती जागा. माणूस लायक आहे.
हिशेब चोख, दारू नाही, बायको नेमानं चर्चला जाते.
पण दक्षिणेतले आपले लोक बिथरतील
आणि नोव्हेंबर जवळ आलाय.
मी स्वतः तसा नाही, हे तुला सांगायला नको.'

त्या 'पण'वर शाईचा थेंब पडलाय.
टाक थबकला असेल. किंवा कुणी दार वाजवलं असेल.
थेंबाला उगाच मोठेपणा देऊ नये.

एकशे चौदा पत्रं. त्या माणसाचं नाव चारदा येतं,
पुढे तो 'तुझा तो काळा' होतो,
पुढे 'ते प्रकरण'.
नंतर मासेमारीबद्दल बराच मजकूर आहे.

आमच्या धंद्याचा नियम: डाग काढायचा नाही.
मापायचा, नोंदवायचा,
शेजारच्या पानाला लागू द्यायचा नाही.

दुपारी मुलुवर्क येते, फरशी पुसायला.
गोंदरची. बारावी झालेली, भूगोल घेऊन.
गेल्या वर्षी मी तापानं पडलो तेव्हा
तिनं फाटक्या कडांना जपानी कागद लावला
असा, की जोड मला भिंगाखाली शोधावा लागला.
म्हटलं, तुझा हात बाइंडरचा आहे.
ती हसली. तिला वाटलं, पगार वाढला.

मार्चमध्ये सहाय्यकाची जागा निघाली.
शेठ म्हणाले, तुम्हीच सुचवा.

माझ्याआधी इथे लीड्सचा एक जण होता.
हेच काम, हीच खळ, पगार माझ्या तिप्पट,
कारण पासपोर्टचा रंग.
तो राग मी गुदैबियातल्या खोलीत
चार वर्षं भाताबरोबर कालवून खाल्ला.
म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही.

तळघराच्या जिन्यात उभा राहून मोबाइलवर लिहिलं:
'कामाला चोख. प्रामाणिक.
पण बाहेरचे पाहुणे येतात, त्यांच्यासमोर...
आपण समजून घ्याल.
माझं स्वतःचं तसं काही नाही.'

पाठवल्यावर टिंग असा आवाज झाला.
डाग कुठेच पडला नाही.

जागा कोल्लमच्या एका पोराला मिळाली. वाईट नाही तो.
खळीत गुठळ्या ठेवतो, शिकेल.

मुलुवर्क अजून येते, मंगळवारी आणि गुरुवारी.
बादली दाराशी ठेवून विचारते,
आज कुठलं पत्र?
मी सांगतो, हवामानाचं.
तिकडे त्या साली बर्फ फार पडला होता म्हणे.
ती मान डोलावते, पेट्यांवरची धूळ पुसते,
आधी झाकण, मग कडा,
मग ती चिठ्ठी, जी तिला चांगली वाचता येते:
राजकारण, नेमणुका, वंश.

माझंच अक्षर. वळणदार.